गोळीनंतरचा शिष्टाचार

परदेशी मच्छीमाराला भर समुद्रात गोळी घालणं हा मूर्खपणा आहे, असं म्हणणारी माणसं सगळ्याच देशांत असतात. त्यांचं म्हणणं साधं असतं. समोर एक छोटी बोट, तिच्यावर चार-सहा खलाशी, बर्फ, जाळं आणि थोडीफार मासळी. दुसऱ्या बाजूला सरकारी गस्तीनौका, तिच्यावर बंदुका, रडार, वायरलेस आणि पगारी माणसं. बोट हद्दीत शिरली असेल तर पकडा, मासळी जप्त करा, दंड लावा, सोडून द्या. गोळी कशासाठी?

या लोकांच्या हिशेबात राष्ट्र नावाची गोष्टच धरलेली नसते. पकडलेला मच्छीमार हा एखाद्या बंदरातल्या पोलीस ठाण्याचा विषय. तिथला हवालदार त्याचं नाव चुकीचं लिहून घेतो आणि प्रकरण संपतं. मारलेला मच्छीमार मात्र दोन परराष्ट्र खात्यांचा विषय होतो. राजदूत माघारी येतात, युद्धनौका बाहेर पडतात, मंत्र्यांना भाषणं मिळतात, आणि त्या मच्छीमाराचं गाव आयुष्यात पहिल्यांदा राजधानीतल्या लोकांना नकाशावर सापडतं. जिवंतपणी ज्याला डिझेलचं अनुदान मिळवायला दहा खेटे घालावे लागले, तो मेल्यावर राष्ट्राची प्रतिष्ठा होतो. एवढी बढती दुसऱ्या कोणत्याही धंद्यात नाही. तेव्हा या गोळीची आणि तिच्यानंतरच्या सगळ्या कारभाराची रीतसर स्तुती व्हायला हवी.

सगळ्यात पूर्ण उदाहरण तैवान आणि फिलिपिन्सचं. ९ मे २०१३ रोजी फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या बालिनतांग सामुद्रधुनीच्या परिसरात ‘ग्वांग दा शिंग २८’ नावाची पंधरा टनांची तैवानी बोट मासे पकडत होती. दोघांची दोनशे सागरी मैलांची आर्थिक क्षेत्रं तिथे एकमेकांवर चढलेली आहेत, म्हणजे पाणी दोघांचंही आहे आणि कुणाचंच ठरलेलं नाही. बोटीवर पासष्ट वर्षांचा बाप, त्याचा मुलगा, जावई आणि एक इंडोनेशियन खलाशी होता. फिलिपिन्सच्या तटरक्षक दलाची माणसं मत्स्य खात्याच्या गस्तीनौकेवरून आली आणि त्यांनी गोळीबार केला. गोळ्यांनी बोटीची चाळण झाली. म्हातारा मेला.

मनिलाचं पहिलं म्हणणं असं होतं की ही बोट आमच्या गस्तीनौकेला धडक द्यायला निघाली होती, म्हणून इंजिन बंद पाडण्यासाठी गोळ्या झाडाव्या लागल्या. यात शौर्य आणि संयम दोन्ही आहेत. पंधरा टनांच्या बोटीला घाबरायला शौर्य लागतं, आणि माणूस मारूनही आपण इंजिनच मारत होतो असं म्हणायला संयम लागतो. पुढे फिलिपिन्सच्याच राष्ट्रीय अन्वेषण विभागाने तपास केला, तेव्हा धडकेची ही गोष्ट टिकली नाही, आणि पुरावा म्हणून दिलेली चित्रफीत कापून-जोडून दिल्याचा ठपकाही दलातल्या माणसांवर आला. पण हे ऑगस्टमध्ये. मे महिन्यात ती गोष्ट पुरेशी होती, आणि त्या काळात तिनं पुष्कळ काम केलं.

आता माफी. माफी मागणं हे खालच्या दर्जाचं काम आहे अशी समजूत आहे, पण राजनयात त्याच्याइतकं कठीण काम नाही. कारण आधी ती कुणी कुणाकडे मागायची हे ठरावं लागतं. फिलिपिन्स ‘एक चीन’ हे धोरण मानतं, म्हणजे त्याच्या दृष्टीनं तैवान नावाचा देशच नाही. जो देश नाही त्याचा नागरिक मारला, तर सरकारनं सरकारची माफी मागायची कशी? तैपेईत मनिलाचा दूतावास नाही, ‘मनिला आर्थिक आणि सांस्कृतिक कार्यालय’ आहे. व्हिसा देणारं, व्यापार पाहणारं, दूतावासाची सगळी कामं करणारं, फक्त दूतावास नसलेलं. या कार्यालयाचे अध्यक्ष आमादेओ पेरेझ यांना राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अक्विनो यांचे खासगी प्रतिनिधी म्हणून पाठवण्यात आलं. त्यांनी ‘दुर्दैवी आणि हेतुरहित जीवितहानी’बद्दल खेद आणि क्षमायाचना व्यक्त केली. तैपेईनं ती नाकारली. एवढ्या गोळ्या हेतू नसताना कशा सुटतात, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न बरोबर होता. पण त्यानंतर दोन राजधान्या त्या एका विशेषणावर आठवडाभर झुंजल्या, आणि लिऊछिऊ बेटावर ज्या घरात प्रेत आलं होतं तिथे मात्र ऑगस्टपर्यंत कुणी माफी मागायला गेलं नाही.

तैवानचे राष्ट्राध्यक्ष मा यिंग-जिऊ यांनी बहात्तर तासांची मुदत दिली होती. माफी, भरपाई, दोषींना शिक्षा आणि मासेमारीबद्दल वाटाघाटी, अशा चार मागण्या होत्या. चारही रास्त. मुदत संपल्यावर तैवाननं एकूण अकरा निर्बंध लावले. त्यातला पहिला निर्बंध कुणावर? फिलिपिन्सच्या तटरक्षक दलावर नाही. त्या दलाला तैवानकडून काही मिळतच नव्हतं, तर बंद काय करणार? निर्बंध लागला तो फिलिपिनो मजुरांवर. तैवानमध्ये तेव्हा ऐंशी हजारांहून जास्त फिलिपिनो कामगार होते. कारखान्यांत उभे राहणारे, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारे, आणि तैवानच्याच मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जाणारे. नव्या कामगारांची भरती गोठवली. त्यांचा या गोळीशी संबंध एवढाच की गोळी झाडणाऱ्याचा आणि त्यांचा पासपोर्ट एका रंगाचा होता.

ही युक्ती किती थोर आहे हे थांबून पाहिलं पाहिजे. एक गरीब माणूस समुद्रात पोटासाठी गेला आणि मेला. त्याचा सूड म्हणून समुद्रापलीकडच्या हजारो गरीब माणसांच्या पोटावर पाय द्यायचा. सूड बरोबर त्याच्यासारख्याच माणसांवर पडला, इकडेतिकडे सांडला नाही. लुझोनच्या एखाद्या गावात कुणी पोरगी एजंटाला पैसे भरून, तैवानचा व्हिसा येईल म्हणून वाट पाहत बसलेली असेल. तिला तर त्या गस्तीनौकेचं नावही ठाऊक नसेल. काही ठिकाणी फिलिपिनो कामगारांना मारहाण झाल्याच्या बातम्या आल्या, आणि त्यांच्या कार्यालयानं त्यांना शक्य तो घराबाहेर पडू नका असा सल्ला दिला. ज्यांनी घोडा दाबला ते आपल्या देशात, आपल्या दलाच्या आश्रयाला होते. त्यांना कुणी तसा सल्ला दिला नाही, गरजही नव्हती.

बाकीच्या उत्सवात सगळ्यांनी आपापली हजेरी लावली. १३ मे रोजी फिलिपिन्समध्ये निवडणूक होती, त्यामुळे कुणाला नमतं घेणं परवडणारं नव्हतं. १६ मे रोजी तैवानच्या युद्धनौकांनी त्या पाण्याच्या दिशेनं कवायत केली. दोन्ही देशांतल्या हॅकरांनी एकमेकांच्या सरकारी संकेतस्थळांवर हल्ले करून मातृभूमीची सेवा केली. आणि बीजिंगनं, ज्याला तैवानचं सरकार सरकार वाटत नाही, फिलिपिन्सचा कडक निषेध करून मेलेला म्हातारा आपलाच माणूस असल्याचं जाहीर केलं. मेल्यावर त्याला दोन देश मिळाले. तैवानचे तपास अधिकारी मनिलाला गेले, काही न मिळता परतले, मग पुन्हा गेले, कारण पहिल्या वेळी हा तपास ‘संयुक्त’ म्हणायचा की ‘समांतर’ यावरच एकमत नव्हतं.

ऑगस्टमध्ये अन्वेषण विभागानं आठ जणांवर सदोष मनुष्यवधाचा खटला भरावा अशी शिफारस केली. पेरेझ लिऊछिऊ बेटावर गेले आणि त्या कुटुंबाची माफी मागितली. त्याच दिवसांत निर्बंध उठले. खटला चालायला पुढची सहा वर्षं लागली. सप्टेंबर २०१९ मध्ये मनिलाच्या न्यायालयानं आठही जणांना दोषी ठरवलं, आठ ते चौदा वर्षांची सजा दिली, आणि कुटुंबाला एक लाख पेसो द्यायला सांगितलं. असा निकाल आला, हे मी पुन्हा लिहितो, कारण जगात हे क्वचित घडतं. गणवेशातल्या माणसांना परदेशी मच्छीमार मारला म्हणून त्यांच्याच देशाच्या न्यायालयानं शिक्षा दिली. पण तोवर निकाल ऐकायला गर्दी नव्हती. प्रतिनिधी आपल्या जागी परतले होते, युद्धनौका धक्क्याला लागल्या होत्या. सहा वर्षांनी कुणी कवायत करत नाही.

या सगळ्या प्रकरणात एकच गोष्ट अशी घडली जिच्याबद्दल मूर्खपणाच्या चाहत्यांनी दुःख मानायला हवं. नोव्हेंबर २०१५ मध्ये दोन्ही बाजूंच्या, दूतावास नसलेल्या दोन कार्यालयांनी एका करारावर सह्या केल्या. त्यात सार्वभौमत्वाबद्दल एक अक्षर नाही. कोणतं पाणी कुणाचं, हे त्यात ठरवलेलं नाही. दुसऱ्याच्या बोटीवर कारवाई करायची असेल तर एक तास आधी समोरच्याला कळवायचं. बळाचा वापर टाळायचा. पकडलेली बोट आणि माणसं, रीतीनुसार दंड भरल्यावर, तीन दिवसांत सोडायची. बस. देश आहे की नाही या वादाला हात न लावता, फोन कुणी कुणाला करायचा एवढं लिहिलं. ते लिहायला गोळी लागली, अकरा निर्बंध लागले, अडीच वर्षं लागली. हा कागद मे २०१३ च्या आधीही लिहिता आला असता. तेव्हा तो लिहिण्यासारखा वाटला नाही, कारण तेव्हा कुणी मेलं नव्हतं. मच्छीमाराचा जीव वाचवणारा कागद मच्छीमाराच्या प्रेताशिवाय टेबलावर येत नाही, ही परराष्ट्र खात्यांची शिस्त आहे आणि ती मोडायला कुणी तयार नसतं.

कुणाला वाटेल की ज्या देशानं हे भोगलं तो तरी शहाणा झाला असेल. तसं झालं नाही, म्हणून मूर्खपणाचं घराणं अजून भरभराटीत आहे. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी तैवानच्या तटरक्षक दलानं किनमेन बेटांजवळ चीनच्या एका बोटीचा पाठलाग केला. चौघे पाण्यात पडले, दोघे मेले. या बोटीला नाव नव्हतं, नोंदणी नव्हती, ती हद्दीत शिरली होती, हे सगळं खरं असेल. पण दोन नौकांची टक्कर झाली हे दलानं सुरुवातीला सांगितलं नाही, आणि पाठलागाची चित्रफीत मागितली तेव्हा चित्रीकरणच झालेलं नसल्याचं निघालं. अकरा वर्षांपूर्वी हाच तैवान मनिलाकडे चित्रफीत मागत होता. मागण्याच्या बाजूला असताना कॅमेऱ्याचं मोल कळतं, देण्याच्या बाजूला आल्यावर तो नौकेवर बसवायचं राहून जातं. चर्चेच्या पंधरा फेऱ्या झाल्या, त्या मोडल्या. बीजिंगनं या निमित्तानं किनमेनभोवती आपल्या गस्ती नेमानं सुरू केल्या, आणि दोन मच्छीमारांच्या मरणातून मोठ्या राजकारणाला एक नवी वाट मिळाली. जुलैच्या अखेरीस समझोता होईपर्यंत त्या दोघांची शवं तैवानमध्येच होती. साडेपाच महिने.

कायद्याला हे सगळं फार जुनं आहे. १९२९ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलानं मेक्सिकोच्या आखातात ‘आय ॲम अलोन’ हे चोरटी दारू वाहणारं कॅनडाचं जहाज बुडवलं. एक माणूस मेला, आणि १९३५ च्या निवाड्यानं अमेरिकेला माफी मागून पंचवीस हजार डॉलर्स द्यायला सांगितलं. १९६१ मध्ये फॅरो बेटांजवळ डेन्मार्कच्या नौकेनं ‘रेड क्रुसेडर’ या स्कॉटिश ट्रॉलरवर गोळे झाडले, तेव्हा चौकशी आयोगानं इशारा न देता झाडलेले हे गोळे मर्यादेबाहेरचे होते असं म्हटलं. १९९९ मध्ये हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणानं, मासेमारी बोटींना तेल पुरवणाऱ्या ‘सायगा’ या टँकरच्या खटल्यात, समुद्रावर बळाचा वापर होता होईतो टाळावा आणि माणुसकीचा विचार समुद्रावरही लागू आहे असा निर्णय दिला. तीन वेळा, तीन पिढ्यांत, तेच सांगितलं गेलं. एवढं स्पष्ट सांगूनही गस्तीनौकेवरच्या बंदूकधाऱ्यापर्यंत ते पोचू न देणं, हे कोणत्याही नोकरशाहीचं मामुली यश नाही.

आणि आता आपल्या पाण्यात.

६ नोव्हेंबर २०२१ हा दिवस भाऊबीजेचा होता. ओख्याहून २५ ऑक्टोबरला निघालेल्या ‘जलपरी’ या बोटीवर सात खलाशी होते. दुपारी चारच्या सुमारास पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेच्या माणसांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या. पालघर तालुक्यातल्या वडराई गावचा बत्तीस वर्षांचा खलाशी मेला, आणखी एक जण जखमी झाला. पालघर, डहाणू, तलासरीकडची शेकडो माणसं हंगामात ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर जातात. आपल्याकडच्या बोटींसारखं नाही, तिथे पगार ठरलेला असतो, वर घर चालवायला उचल मिळते, आणि ती फेडेपर्यंत माणूस बोटीचा असतो. बोट कुठवर न्यायची हे मालक आणि तांडेल, म्हणजे बोटीवरचा प्रमुख, ठरवतात. गोळी मात्र तिथे उभा असेल त्याला लागते. दिवाळीत हा माणूस घरी नव्हता, कारण दिवाळीत मासेमारीचा हंगाम असतो.

पाकिस्तानी यंत्रणेनं सांगितलं की कुणी मेल्याची आपल्याला माहिती नाही. त्याच दिवशी दुसरी एक भारतीय बोट पकडली होती, ती मात्र त्यांना माहीत होती. माहितीचं हे वाटप फार नेमकं आहे. जे पकडलं ते ठाऊक, जे मारलं ते ठाऊक नाही. ८ तारखेला दिल्लीत पाकिस्तानी उच्चायुक्तालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला बोलावून तीव्र निषेध नोंदवण्यात आला, चौकशीची मागणी झाली. गुजरातमध्ये बारा सागरी मैलांपलीकडच्या सगळ्या समुद्राची हद्द पोरबंदर जिल्ह्यातल्या नवी बंदर पोलीस ठाण्याकडे आहे. तिथे दहा अज्ञात व्यक्तींवर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. अज्ञात हा शब्द इथे नुसती कायद्याची रीत नाही. त्या दहांची नावं कराचीत एखाद्या हजेरीपटावर असणारच, पण नवी बंदरचा फौजदार तो हजेरीपट मागायला जाणार कसा?

भारतानं अकरा निर्बंध लावले नाहीत. व्यापार तर २०१९ पासूनच जवळजवळ बंद होता, तेव्हा बंद करायला उरलं काय होतं? दोन्ही देशांच्या मच्छीमारांच्या बाबतीत जो कारभार आहे तो मात्र चालूच राहिला, आणि त्याच्यात खंड पडत नाही याचं कौतुक करायलाच हवं. २००८ च्या करारानुसार दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश आपल्या तुरुंगातल्या दुसऱ्याच्या माणसांच्या याद्या एकमेकांना देतात. युद्धासारखी वेळ आली तरी याद्या जातात. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात २१७ भारतीय मच्छीमार होते आणि भारताच्या ताब्यात ८१ पाकिस्तानी. त्याच्या वर्षभर आधीच्या यादीतही भारताकडचा आकडा ८१ होता. या याद्या कारकुनाच्या अक्षरात निर्दोष असतात. त्यातली कित्येक माणसं सजा संपवून बसलेली असतात, राष्ट्रीयत्वाची पडताळणी व्हायची म्हणून, किंवा कुणाला सोडणं राजकीय दृष्ट्या शोभून दिसेल असा दिवस यायचा म्हणून. २०२३ च्या मे-जूनमध्ये पाकिस्ताननं चारशेच्या आसपास भारतीय मच्छीमार एकदम सोडले. हे सद्भावना म्हणून झालं. सद्भावना दाखवायची असेल तर आधी साठा असावा लागतो, हे दोन्ही देशांना चांगलं कळतं.

संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराचं कलम ७३ सांगतं की आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीच्या गुन्ह्याला, देशांत तसा करार नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देऊ नये, आणि जामीन भरला की बोट व माणसं तात्काळ सोडावीत. भारतानं हा करार १९९५ मध्ये मान्य केला, पाकिस्ताननं १९९७ मध्ये. सुटकेच्या प्रकरणांकडे लक्ष ठेवायला दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली होती. तुरुंगांत जाऊन माणसं भेटायची, कोण आजारी, कोण विसरला गेलेला, हे पाहायचं. तिचा शेवटचा दौरा २०१३ मध्ये झाला. २०२४ च्या मार्चमध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीच्या तुरुंगात मेला, आणि त्याचं शव घरी पोचायला महिन्याहून जास्त काळ गेला. तो समुद्रात गोळीनं मेला नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणाला बोलावून निषेध नोंदवायची पाळी आली नाही. पकडलेला मच्छीमार पोलीस ठाण्याचा विषय, तो तिथेच मरतो.

ही माणसं जी रेषा ओलांडतात म्हणून पकडली जातात, ती रेषा ठरलेली नाही. सर क्रीक ही कच्छच्या टोकाची ९६ किलोमीटरांची खाडी. तिच्या पूर्वेच्या काठावर सीमा की मध्यधारेत, हा वाद १९१४ च्या मुंबई सरकारच्या ठरावापासून चालत आलेला आहे. कच्छचा राव आणि सिंध यांच्यातलं जळाऊ लाकडाचं भांडण मिटवायला मुंबईत तो ठराव झाला होता. खाडीचं तोंड कुठं धरायचं हे ठरल्याशिवाय समुद्रातली रेषा पुढे नेता येत नाही. २००७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून खाडीची मोजणी केली, नकाशेही बदलून घेतले. रेषा तेव्हाही आखली गेली नाही. भरती-ओहोटीला चिखल आपली जागा बदलतो, मासळी गाळाच्या तोंडाशी जमते, आणि तिच्यामागे बोटी जातात. जी रेषा दोन सरकारांना शंभर वर्षांत सापडली नाही ती जेमतेम चार तास झोपलेल्या तांडेलानं उत्तररात्री बोट हाकताना ओळखावी, अशी दोन्ही सरकारांची अपेक्षा आहे.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमातच मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना देशभर सुरू झाली. बोट सीमेजवळ गेली की हे यंत्र इशारा देतं, आणि वादळातही संदेश पोचतो. ते चांगलं आहे, मी त्याची थट्टा करणार नाही. ते प्रत्येक बोटीवर लागलं पाहिजे, आणि पालघरचा खलाशी गुजरातच्या ज्या बोटीवर उचल घेऊन जातो तिच्यावर आधी लागलं पाहिजे. पण त्यात गस्तीनौकेवरच्या बंदुकीचा काही भाग येत नाही. भारत आणि पाकिस्तानच्या तटरक्षक यंत्रणांमध्ये २००५ मध्ये एक समझोता झाला होता. हद्दभंगाची, पकडलेल्या बोटींची माहिती एकमेकांना थेट द्यायची, त्यासाठी संपर्काची सोय ठेवायची. २०१६ मध्ये तो आणखी पाच वर्षांसाठी वाढवला गेला. तैपेई आणि मनिला यांच्यात तर राजनैतिक संबंधही नाहीत, तरी एक तास आधी कळवायचं, बंदूक चालवायची नाही, तीन दिवसांत सोडायचं, हे त्यांनी लिहून घेतलं. दिल्ली आणि इस्लामाबादमध्ये उच्चायुक्तालयं आहेत, यंत्रणांमधल्या फोनची सोय ठरलेली होती, दर सहा महिन्यांनी कागद जातो-येतो. तेवढी तीन कलमं त्याच पाकिटात घालायला कुणाचं सार्वभौमत्व जात नाही.

६ नोव्हेंबर २०२१ च्या दुपारी ‘जलपरी’वर पहिली गोळी सुटण्याआधी तो फोन वाजला होता का, आणि वाजला नसेल तर कुणी वाजवायला हवा होता, एवढं तरी वडराईच्या त्या घराला लेखी कळवावं. दिल्लीनंही, आणि इस्लामाबादनंही.